आमचा मुलगा फसला, त्यांची मुलगी सापडली

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी २६ वर्षे मराठी शिकवली. मधल्या सुट्टीत शिक्षककक्षात चहाबरोबर वर्तमानपत्राची पाने वाटून घेतली जात, आणि थोड्या थोड्या दिवसांनी एक बातमी ठरलेली असे: 'वेश्या व्यवसायाचा पर्दाफाश, तीन युवतींची सुटका, दलाल गजाआड.' गावाचे नाव तेवढे बदले. कधी कळंगुट, कधी हणजूण, कधी पर्वरी. युवती कुठल्या राज्यातल्या ते दिलेले असे, त्यांची वये दिलेली असत, आणि ओढणीने तोंड झाकून पोलीस ठाण्याच्या पायऱ्या उतरणाऱ्या तिघींचा फोटोही असे. अधूनमधून दुसरी एक बातमी येई: 'परदेशी नोकरीच्या आमिषाने गोमंतकीय युवकाची फसवणूक.' पहिली बातमी आम्ही चाळत असू, दुसरी वाचून हळहळत असू. या दोन्ही बातम्या एकाच गुन्ह्याच्या आहेत हे मला फार उशिरा कळले. माझा एक विद्यार्थी त्यात अडकला तेव्हा.

वाणिज्य शाखेतला हा मुलगा अभ्यासात मध्यम, पण बोलण्यात हुशार. बारावीनंतर मांद्रेच्या एका हॉटेलात त्याने दोन सीझन रिसेप्शनवर काम केले. पावसाळा आला की हॉटेल बंद आणि पगारही बंद. घरात बहिणीचे लग्न ठरलेले. अशात मावसभावाच्या ओळखीच्या एका माणसाने टेलिग्रामवरची जाहिरात दाखवली: बँकॉकमध्ये डेटा एन्ट्री, महिना ८० हजार, राहणे-जेवण कंपनीचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली होती. तिकीट काढा आणि जा, इतके ते सोपे झाले होते. तो गेला. विमानतळावरून गाडी रात्रभर धावली आणि पहाटे एका नदीशी थांबली. नदीपलीकडे म्यानमार होते. पाच दिवसांनी माझ्या फोनवर कोकणीत दोन ओळी आल्या: "सर, सांगिल्लें काम हें न्हय. घरांत सांगूं नाकात." (सर, सांगितलेले काम हे नव्हे. घरी सांगू नका.)

तो परत आला आहे. कसा सुटला ते त्याच्या विनंतीवरून इथे लिहीत नाही. पण तिथे काय चालते ते त्याने मला सांगितले, आणि तेवढे लिहायला त्याची हरकत नाही. पहिल्याच दिवशी 'व्हिसा वाढवायचा आहे' म्हणून पासपोर्ट काढून घेतला. मग फोन घेतला. तिसऱ्या दिवशी हिशेबाचा कागद पुढे आला: तिकीट, गाडी, पलंग, जेवण, दलालाची रक्कम, सगळे त्याच्या नावावर कर्ज. काम म्हणजे एका सुंदर बाईच्या नावाने खोटे खाते चालवायचे, परदेशातल्या एकाकी माणसांशी आठवडेच्या आठवडे गोड बोलायचे आणि शेवटी त्यांना खोट्या गुंतवणुकीत ओढायचे. दिवसाचे १४-१५ तास. ठरलेला आकडा गाठला नाही की दंड, दंड वाढला की उन्हात पळायला लावायचे. जायचे म्हटले की उत्तर एकच: तुला आम्ही विकत घेतले आहे, तेवढे पैसे टाक आणि जा.

हे एकट्यादुकट्याचे नाही. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने वायुदलाची दोन विमाने थायलंडच्या माए सोत इथे पाठवून, म्यानमारमधल्या अशा फसवणुकीच्या तळांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना दोन दिवसांत परत आणले. त्यांत बहुतेक शिकलेले तरुण होते, ज्यांना संगणक येतो, इंग्रजी येते, असे.

तो अडकल्याची बातमी शेवटी गावात पसरलीच. गाव त्याच्यामागे उभा राहिला, याचा मला आजही अभिमान आहे. आमदारांकडे माणसे गेली, दूतावासाला ईमेल गेले, कुणी देवळात गाऱ्हाणे घातले. 'गेलाच कशाला' असे त्याच्या आईला कुणी विचारले नाही. 'पैशांची हाव' हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही. चांगल्या घरचा मुलगा, परिस्थितीने गेला, फसला. अगदी खरे. त्याच आठवड्यात किनाऱ्यावरच्या एका व्हिलावर धाड पडली. सापडलेल्या मुलींत एक महाराष्ट्रातली होती, वय वर्षे २०. दुकानाच्या कट्ट्यावर त्याच माणसांनी ती बातमी वाचली आणि एकजण म्हणाला, "ह्या पैशांसाठी येतात, आणि नाव आमच्या गोव्याचे खराब होते." मी तिथेच उभा होतो. काही बोललो नाही. याआधी असे वाक्य मी स्वतःही बोललेलो आहे.

त्या मुलीची गोष्ट मला ठाऊक नाही. पण अशा कितीतरी मुलींनी पोलिसांना आणि संस्थांना दिलेले जबाब मी नंतर वाचले. सलूनमध्ये नोकरी, स्पामध्ये नोकरी, लग्नसमारंभात पाहुण्यांच्या स्वागताचे काम, कॅसिनोत काम. ओळखीच्याच कुणीतरी सांगितलेले असते: मैत्रीण, शेजारीण, लग्नाचे वचन दिलेला मुलगा, कधी नात्यातलीच बाई. तिकीट दलाल काढतो. उतरल्यावर आधारकार्ड आणि फोन तो 'सांभाळायला' घेतो. मग तिकिटाचे, खोलीचे, कपड्यांचे, आगाऊ दिलेल्या रकमेचे कर्ज. २०२३ मध्ये हणजूण भागात केनियातल्या मुलींच्या सुटकेचे प्रकरण गाजले. त्यांनाही नोकरीचेच सांगून आणले होते आणि त्यांचेही पासपोर्ट आधी काढून घेतले होते. आमच्या पेडण्याच्या मुलाचा कागद आणि नैरोबीहून आलेल्या मुलीचा कागद शेजारी ठेवला तर रकमेपलीकडे फारसा फरक दिसणार नाही.

'मानवी तस्करी' हा शब्द मला म्हणूनच अपुरा वाटतो. तस्करी म्हटले की आपल्याला सोने, दारू, रात्रीची होडी, सीमा आठवते. माणूस कुठेतरी कोंबून नेलेला असणार, त्याने हातपाय झाडले असणार, अशी आपली कल्पना होते. मग कळते की मुलगी रेल्वेने, स्वतःच्या पायांनी, बॅग घेऊन आली. आणि आपण म्हणतो, मग ती मर्जीनेच आली. कायदा असे म्हणत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये माणसाला भरती करणे, नेणे, ठेवून घेणे, ताब्यात घेणे हे सगळे येते. धाक, फसवणूक, आमिष, अधिकाराचा गैरवापर ही साधने येतात. हेतू शोषणाचा असला की गुन्हा पुरा होतो. सीमा ओलांडायची गरज नाही. शेजारच्या वाड्यावरची मुलगी घरकामाला नेऊनही हा गुन्हा घडतो. आणि पीडिताची संमती होती की नव्हती हे त्या कलमात गैरलागू ठरवले आहे. जुन्या दंडविधानाच्या कलम ३७० मध्ये २०१३ च्या दुरुस्तीने हे शब्द आले आणि तेच पुढे चालू राहिले. बारा वर्षे उलटली, तरी आपल्या कट्ट्यांवर अजून 'मर्जीने आली' याच मुद्द्यावर निकाल लागतो.

मर्जी म्हणजे काय, याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच केला होता. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचा तो खटला. न्यायमूर्ती भगवतींनी त्यात सांगितले की घटनेच्या २३ व्या कलमातली 'सक्ती' ही केवळ काठीची किंवा कायद्याची नसते. पोटाची भूक ज्याला दुसरा पर्याय ठेवत नाही, त्याच्यावरही सक्तीच झालेली असते. वेठबिगारी आणि माणसांचा व्यापार या दोन्हींना हेच एक कलम मनाई करते. घटनाकारांनी दोन्ही गोष्टी एका वाक्यात का ठेवल्या ते समजून घेतले तर पुढचे पुष्कळ सोपे होईल. हा शीलाचा प्रश्न म्हणून सोडवायला गेलो की आपण मुलींकडे बघत बसतो. कामाचा आणि कर्जाचा प्रश्न म्हणून पाहिले की नजर कर्ज देणाऱ्याकडे वळते.

कारणे सांगताना 'गरिबी' म्हणून थांबण्याची आपल्याला सवय आहे. गरिबी आहेच. पण गरीब तर लाखो आहेत आणि त्यांतले बहुतेक या वाटेला जात नाहीत. मी ज्या घरांशी बोललो त्यांत मला तीन गोष्टी एकत्र आलेल्या दिसल्या. एक, तारखेची गरज: लग्न, ऑपरेशन, सोसायटीचा हप्ता, म्हणजे सहा महिन्यांनी येणारा पैसा चालत नाही अशी अडचण. दोन, विश्वासाचा माणूस. अनोळखी माणसाने सांगितले असते तर कुणी गेलेच नसते. तीन, आगाऊ रक्कम. मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांना 'उचल' हा शब्द आईच्या दुधाबरोबर कळतो. हंगामाआधी हातात रक्कम येते आणि ती फिटेपर्यंत कोयता सुटत नाही. गोव्याच्या खोल्यांत हीच उचल चालते. फक्त तिथे हिशेब दलालाच्या मोबाईलमध्ये असतो आणि तो मुलीला कधी दाखवला जात नाही.

आपल्या गोव्यातली पोरे बाहेर का ओढली जातात, यालाही इथलीच कारणे आहेत. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा ठप्प झाल्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागांत कर्जावर घेतलेले ट्रक अंगणात गंजले. त्या घरांतली मुले किनाऱ्याकडे आली, आणि किनाऱ्यावर काम आहे ते सीझनचे: ऑक्टोबर ते मार्च, फार तर मे. तारवटी होऊन जहाजावर जाणे, आखातात जाणे, पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोप गाठणे, ही आपल्या समाजाची जुनी वहिवाट. परदेश म्हटला की घर वर येते हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. म्हणून 'बाहेर नोकरी आहे' या चार शब्दांवर आपण जितका पटकन विश्वास ठेवतो तितका कदाचित दुसरे कुणी ठेवत नसेल. आखातात घरकामाला गेलेल्या आणि मालकाने पासपोर्ट ठेवून घेतलेल्या गोमंतकीय बायकांच्या तक्रारी याच विश्वासातून जन्मल्या आहेत.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल आपण कमी बोलतो. मुली गोव्यात आणल्या जातात कारण गोव्यात गिऱ्हाईक आहे. २०२४ मध्ये या राज्यात एक कोटीहून अधिक पर्यटक आले. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. एवढ्या माणसांतली बहुसंख्य कुटुंबासह येतात, समुद्र बघतात, माशाचे जेवण जेवतात आणि घरी जातात. पण 'गोव्यात सगळे चालते' ही ख्याती आपोआप पसरलेली नाही. ती विकली गेली आहे आणि तिचे भाडे गावोगावी वाटले गेले आहे. कमिशन घेऊन गिऱ्हाईक पोचवणारा चालक, ओळखपत्र न बघता चावी देणारा लॉजवाला, वर्षाचे आगाऊ भाडे मिळाले की व्हिलात कोण राहते ते न विचारणारा जमीनमालक. हा जमीनमालक पुष्कळदा आपल्यातलाच असतो, गावच्या जत्रेत देणगीदारांच्या फलकावर ज्याचे नाव असते असा.

ज्याला पोलीस 'पिटा' म्हणतात त्या १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात जागेच्या मालकाला हात लावायची सोय आहे. जाणूनबुजून जागा देणाऱ्याला शिक्षा आहे, हॉटेलचा परवाना निलंबित करता येतो, न्यायदंडाधिकारी ठरावीक ठिकाणांजवळची जागा बंद करू शकतात. पण त्याच कायद्याचे आठवे कलम गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल बाईलाच आरोपी करते. मी वर्षानुवर्षे वाचलेल्या बातम्यांत मुलींचे राज्य, वय आणि फोटो आहे, दलालाचे नाव आहे. हॉटेलचे नाव क्वचित आहे, जागेच्या मालकाचे त्याहून क्वचित, आणि गिऱ्हाईकाचे तर नाहीच. धाड पडली, सुटका झाली, दलाल जामिनावर सुटला, आणि खोली पुढच्या सीझनला परत भाड्याने गेली. पैसा जिथून आला आणि जिथे गेला, त्या वाटेने तपास गेला पाहिजे, एवढी साधी माझी मागणी आहे. बँक खाते, यूपीआय, खोलीचा भाडेकरार, जाहिरातीचा फोन क्रमांक. आजचा हा धंदा फोनवर चालतो आणि फोनवर चाललेल्या धंद्याची पावले उमटलेली असतात.

बायण्याची आठवण इथे काढायलाच हवी. वास्कोच्या समुद्रकाठी देहविक्रयाची ती वस्ती होती. कर्नाटक, आंध्रातून आणलेल्या बायका, त्यांत देवाला सोडलेल्या घरांतल्याही पुष्कळ. उच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशानंतर जून २००४ मध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, तिथे बुलडोझर फिरले. गोव्यावरचा कलंक पुसला गेला अशी तेव्हाची भावना होती, आणि खोटे कशाला बोलू, माझीही होती. पण झोपड्या पाडल्या म्हणजे त्यांतले कर्ज पडत नाही. बायकांना दुसरे घर आणि दुसरे काम मिळण्याची घडी बसलेली नव्हती. त्या पांगल्या, धंदा लॉजमध्ये गेला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेला, पुढे मोबाईलमध्ये गेला. बायण्यात निदान आरोग्यसेविकेला आणि संस्थेच्या कार्यकर्त्याला दार ठोठावता येत होते. आज ज्या फ्लॅटमध्ये मुलगी कोंडलेली आहे त्याचे दार कुठले, हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसते.

आपल्याच इतिहासात याहून वेगळे एक उदाहरण आहे. गोमंतकातल्या देवळांत मुलीचा 'शेंस' विधी होई. नवरदेवाचा वेष घातलेल्या दुसऱ्या मुलीशी तिचे लग्न लावून तिला देवाच्या सेवेत बांधून टाकत, आणि त्या सेवेचा पुढचा अर्थ सगळ्या गावाला ठाऊक असे. ही प्रथा धाडींनी संपली नाही. राजाराम पैंगीणकरांसारख्या, त्याच समाजात जन्मलेल्या माणसांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संघटना उभी केली, मुलींना शाळेत घातले, लग्ने लावली, आपल्याच लोकांच्या शिव्या खाल्ल्या. त्या समाजातून, म्हणजे आजच्या गोमंतक मराठा समाजातून, पुढे डॉक्टर, वकील, प्राध्यापक, कलावंत निघाले, ते कुणी त्यांची 'सुटका' केली म्हणून नव्हे. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या हातात निर्णय आला म्हणून निघाले. बायण्याच्या बायकांना आपण काहीही विचारले नाही. त्यांच्याबद्दल सगळे बोलले. त्यांच्याशी बोलणारे मोजके होते.

मुलांच्या बाबतीत गोव्याने एक मोठा धडा फार महागात घेतला. मडगावात अनाथाश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप. आश्रमातले मुलगे त्याने परदेशी माणसांपुढे ठेवले होते. मुलगे, हे मुद्दाम लिहितो, कारण या विषयात मुलग्यांचा विचारच आपल्या मनात येत नाही. पुढे २००३ मध्ये गोवा बाल कायदा आला. घरच्या माणसांसह नोंद नसेल तर हॉटेलच्या खोलीत मुलाला प्रवेश नाही, अशी स्पष्ट तरतूद त्यात आहे. मुलांचे अश्लील फोटो हाती आले तर ते कळवण्याची जबाबदारी फोटो धुणाऱ्यांवर टाकली आहे. मुलांसाठी वेगळे न्यायालय आहे. देशातल्या इतर राज्यांच्या आधी आपण हे केले. पण त्या कायद्यातला फोटो स्टुडिओ आता कुठे राहिला? आणि घर भाड्याने देणारी ऑनलाइन संकेतस्थळे तेव्हा नव्हतीच. हरमल-मोरजीच्या वाळूवर हार, बांगड्या विकणारी दहा-बारा वर्षांची पोरे शाळेच्या वेळेत फिरताना दिसतात, आणि आपण दहा रुपये कमी करून माळ घेतो. त्यांचा मालक कोण, रात्री ती कुठे झोपतात, हे मी स्वतः कधी विचारले नव्हते.

परिणामांबद्दल लिहिणे अवघड आहे, कारण ते बाहेरून दिसत नाहीत. माझा विद्यार्थी घरी परतला त्याला काही महिने झाले. आई त्याला पेज आणि सुके बांगडे करून घालते. तो जेवतो, हसतो. पण फोनची घंटा वाजली की दचकतो. रात्री दिवा चालू ठेवून झोपतो. बहिणीचे लग्न पुढे ढकलले गेले, कारण त्याला पाठवायला घेतलेले कर्ज अजून डोक्यावर आहे. आणि त्याला सगळ्यात जास्त खाते ती गोष्ट वेगळीच आहे. तो म्हणतो, सर, मी ज्यांना फसवले त्यांतला एक म्हातारा होता, त्याची बायको नुकतीच वारली होती, तो रोज मला तिच्याबद्दल लिहायचा. पीडितालाच गुन्हेगार करून ठेवणे, हे या व्यापाराचे सर्वांत क्रूर अंग आहे. परत आलेल्यांची चौकशी व्हावी, टोळ्या पकडायच्या तर ती लागेलच. पण चौकशीच्या खुर्चीवर बसलेल्या २२ वर्षांच्या मुलाला आपण साक्षीदार आहोत की आरोपी हे पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवे.

मुलींच्या वाट्याला याच्या जोडीला आणखी काही येते. 'सुटके'नंतर मेरशीचे संरक्षणगृह, मग न्यायालयाचा आदेश, मग घर. ज्या घरातून ती निघाली तेच घर, तीच अडचण, आता वर गावाला कळलेले. शाळा सुटलेली, लग्नाचे दार बंद, शरीराची दुखणी लपवायची. महिन्याभरात जुना दलाल फोन करतो, आणि फोन उचलला जातो, कारण तिची विचारपूस करणारा दुसरा कुणी नसतो. पीडितांना भरपाई देण्याची योजना कायद्यात आहे. ती किती जणींच्या हाती पोचते याचा हिशेब शासनाने दरवर्षी विधानसभेत मांडावा, असे मला वाटते.

इथे एक भेद नीट सांगितला पाहिजे, नाहीतर माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. सज्ञान बाई स्वतः ठरवून देहविक्रय करत असेल तर ती या गुन्ह्याची पीडित नाही, गुन्हेगारही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये तीन सज्ञान मुलींना सुधारगृहातून सोडताना तेच म्हटले, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले की अशा स्त्रियांना त्रास देऊ नये, धाडीत अटक करू नये, त्यांची ओळख माध्यमांतून उघड होऊ देऊ नये. हे निकाल मान्य केल्याने तस्करीविरुद्धची लढाई कमजोर होते असे काहींना वाटते. मला उलट वाटते. पायरीवरचा फोटो टळेल अशी खात्री असेल तर जिला खरेच कोंडले आहे ती तोंड उघडेल.

वास्कोतल्या 'अर्ज' या संस्थेने बायणा पाडल्यानंतर, २००६ मध्ये, 'स्विफ्ट वॉश' नावाची यंत्रांवर चालणारी लाँड्री सुरू केली. शिवणकाम आणि मेणबत्त्या यांच्या पलीकडे जाऊन महिन्याचा पगार देणारे खरे काम. सुटकेनंतर काय, या प्रश्नाचे मला माहीत असलेले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे, आणि ते एका संस्थेने दिले. सरकारी महामंडळे, हॉटेल संघटना, एवढ्या मोठ्या पर्यटन उद्योगात अशा दहा लाँड्री का उभ्या राहू नयेत? ज्या उद्योगाच्या आडोशाने हा व्यापार वाढला त्या उद्योगावर एवढे कर्तव्य टाकणे अन्यायाचे नाही.

बाहेर जाणाऱ्या मुलांसाठीही काही गोष्टी आजच करता येतील. परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना लागतो. तो आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर घरबसल्या कळते. एजंटने उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर, याहून जास्त घ्यायचे नाहीत असा नियम आहे. म्हापशाच्या बाजारात फिरून विचारा, हा आकडा किती जणांना ठाऊक आहे ते. पण कायद्यात मोठी फट आहे. दहावी झालेल्याच्या पासपोर्टला उत्प्रवासन तपासणी, म्हणजे नोकरीसाठी देश सोडण्याआधीची सरकारी तपासणी, लागत नाही. शिकलेला माणूस स्वतःची काळजी घेईल, असे त्यामागे गृहीत धरले होते. आजचे दलाल नेमके दहावी-बारावी झालेल्यांनाच शोधतात, आणि ही मुले पर्यटक म्हणून जातात, म्हणजे नोकरीला गेल्याची कुठल्याही सरकारी वहीत नोंद नसते. तस्करीविरुद्धचा सर्वंकष कायदा २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाला, राज्यसभेत आला नाही आणि २०१९ मध्ये बारगळला. त्यातही त्रुटी होत्या. पण तसा सर्वंकष कायदा अजून झालेला नाही, हे दुखते.

संसदेची वाट बघत बसावे इतका वेळ आमच्याकडे नाही, म्हणून मी गावापासून सुरुवात करायचे ठरवले आहे. आमच्या ग्रामसभेत मी दोन ठराव मांडणार आहे. एक, नोकरीसाठी बाहेरच्या देशात जाणाऱ्याने, त्याची इच्छा असेल तर, कंपनीचे नाव, एजंटचा परवाना क्रमांक आणि घरच्यांशी ठरवलेला एक सांकेतिक शब्द पंचायतीत बंद पाकिटात ठेवावा. सात दिवस संपर्क झाला नाही तर पाकीट उघडावे. दोन, गावातले जे घर, व्हिला किंवा खोली पर्यटकांना भाड्याने दिली जाते तिच्या मालकाने राहणाऱ्यांची नोंदवही ठेवावी आणि ती दर महिन्याला पंचायतीला दाखवावी.

पहिल्या ठरावाला अनुमोदन द्यायला एका दिवसात ११ माणसे तयार झाली. दुसऱ्यावर अजून माझ्या एकट्याची सही आहे. काल संध्याकाळी तो मुलगा घरी आला होता. त्याने दोन्ही कागद वाचले, दुसरा परत एकदा वाचला, आणि माझ्या सहीखाली सही केली. आज आम्ही दोघे मिळून वरच्या वाड्यावर जाणार आहोत. तिथे सात व्हिला आहेत.